पहिल्या रविवारचा पेला

ती गोष्ट अजून माझ्या डोळ्यापुढून हलत नाही. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, दंगलीत दगड खाल्ले. ते सगळं मागं पडलं. पण एका चांदीच्या पेल्याची साधी केस, जिच्यात शेवटी गुन्हाच नव्हता, ती मला सोडत नाही.

मी सातवी शिकलेला माणूस. शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. लिहायची सवय फक्त पंचनाम्याची आणि स्टेशन डायरीची. त्यामुळं जे लिहीन ते तसंच असेल. नावं कुणाची लिहिणार नाही.

आम्ही ख्रिस्ती. घर उस्मानपुऱ्यात. आमच्या चर्चमधे महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. भाकर मोडतात आणि एकाच पेल्यातून द्राक्षरस देतात. तो पेला जुना, चांदीचा, दांड्यावर उभा, अंगावर क्रूस कोरलेला. आमच्या आज्यापंज्यांची तोंडं त्याला लागलेली. लोकांचा त्याच्यावर जीव.

एका शनिवारी सकाळी चर्चचे सेक्रेटरी ठाण्यात आले. मी ड्यूटीवर नुकताच हजर झालो होतो. हजेरी झाली होती, रात्रपाळीचा चार्ज घेऊन चहा सांगितला होता. सेक्रेटरी घामाघूम.

"हवालदार, पेला गेला! कपाट उघडलं तर पेटी रिकामी. उद्या पहिला रविवार आहे, लोकांना काय तोंड दाखवू?"

"कुलूप तुटलंय?"

"नाय ना. किल्लीनं उघडलंय."

"किल्ली कुणाकडं असते?"

सेक्रेटरींनी खिसा चाचपला. मग म्हणाले, "एक माझ्याकडं, एक राखणदाराकडं."

राखणदार म्हणजे चर्चच्या आवारात एका खोलीत राहणारा, साठीला आलेला माणूस. एकटा. झाडलोट करायचा, घंटा वाजवायचा, बाक पुसायचा, स्मशानभूमीत कबर खणायलाही तोच. माझी बायको त्याला दादा म्हणायची. सणाला त्याचं ताट आमच्या घरून जायचं.

आमच्या इन्स्पेक्टर साहेबांनी अर्ज वाचला आणि माझ्याकडं सरकवला. "तुमच्याच चर्चचं आहे. गुन्हा नोंदवायच्या आधी तुम्हीच बघून घ्या. संध्याकाळपर्यंत मला कळलं पाहिजे."

मी दोन कामं केली. शहागंजात माझा एक खबऱ्या होता, चहाची गाडी लावायचा. त्याला फोन करून सांगितलं की क्रूसवाला चांदीचा पेला कुठं विकायला आला तर कळव. दुसरं, चर्चसमोरच्या मेडिकल दुकानाचा कॅमेरा बघितला. सोमवारी सकाळी राखणदार फाटकातून बाहेर पडतोय, हातात कापडी पिशवी, पिशवी छातीशी धरलेली. मागून चार-दोन माणसं चाललेली, रस्ताच तो. मी तेवढं चित्र तीनदा बघितलं. पिशवीच बघत राहिलो. आपलं काम झालं असं वाटलं.

दुपारी बाराच्या सुमाराला त्याला ठाण्यात आणलं. डी.बी.च्या, म्हणजे तपास पथकाच्या, खोलीत बसवलं. दोन शिपाई बरोबर होते.

"पेला कुठंय?"

"म्या चोरला नाय, साहेब."

"सोमवारी पिशवीत काय होतं?"

त्यानं नजर खाली घातली.

"पेलाच होता ना?"

"व्हय."

"मग कुठंय आता?"

"ते सांगता येत नाय."

"का?"

"शबूद दिलाय."

"कुणाला?"

"ते सांगितलं तर शबूद कसला राहिला, साहेब?"

दोघांतला एक शिपाई फिस्सकन हसला. खरं सांगतो, त्या हसण्यानं घात केला. माणूस चोर आहे म्हणून मी चिडलो नव्हतो. माझ्या हाताखालच्या माणसापुढं एक झाडूवाला मला गप्प करतोय, याचा राग आला. मी उठलो आणि उजव्या हाताची एक ठेवून दिली. डाव्या कानावर. भरली चापट.

तो खुर्चीवरून खाली गेला. शिव्या नाही, ओरडणं नाही. उठून परत बसला. एवढंच म्हणाला, "तुमी तरी वळखता ना मला."

मी म्हणालो, "ठाण्यात कुणी कुणाला ओळखत नसतं." हे वाक्य मी नोकरीत कितीदा बोललो असेन. तेव्हा मोठं मर्दानी वाटायचं.

अर्ध्या तासानं फोन वाजला. खबऱ्या. त्याला मस्करी केल्याशिवाय बोलता यायचं नाही.

"साब, तुमच्या देवाचा गिलास हिकडं आलाय. या लवकर, नायतर मी त्याच्यात चहा ओततो."

फक्त अर्धा तास. तो फोन अर्धा तास आधी आला असता, तर हे लिहायला मी बसलोच नसतो.

शहागंजात मागच्या गल्लीत एक म्हातारा कारागीर होता. तांब्या-पितळेची, चांदीची भांडी जोडून द्यायचा. दुकान म्हणजे नुसती एक फळी. पेला त्याच्यामागं फडक्यात गुंडाळून ठेवलेला. मी वर्दीत गेलो तरी तो उठला नाही, उलट माझ्यावरच डाफरला.

"तुम लेने आए क्या? कब से तयार है, लेने कोईच नै आता. मैं क्या चौकीदार हूं इसका?"

"चाचा, आणून कुणी दिला?"

"एक बुढ्ढी अम्मा. इधरीच बैठ के रोती थी. हाथ से गिरा, दांडा टूट गया. साथ में एक आदमी था. अम्मा बोली, किसी को बोलना मत. कसम खिलाई उसको मेरे सामने." मग मान खाली घालून पुटपुटला, "गलती मेरी भी है. गुरुवार का वादा था. परभणी में भांजी का निकाह निकला, दुकान बंद करके चला गया. आज सुबह आया."

मी पेला हातात घेतला. दांडा मधोमध जोडलेला. काम चांगलं होतं, पण अंगठा फिरवला की जोड लागत होता.

परत येताना पुन्हा मेडिकलवर थांबलो आणि तेच चित्र लावायला सांगितलं. राखणदार पिशवी घेऊन निघालाय. मागं दोन पावलांवर एक म्हातारी, पदर तोंडाला लावलेला. ती तिन्ही वेळा होती. मी तिला बघितलंच नव्हतं. पोलिसाचा डोळा ज्याच्यावर संशय असतो त्याच्यावरच चिकटतो, बाकी सगळी गर्दी. नव्या पोरांना मी हे पुढं नेहमी सांगायचो. त्याची फी कुणी भरली, ते सांगत नव्हतो.

ती म्हातारी आमच्या चर्चमधली विधवा बाई. तीस वर्षं पेला धुवायचं, घासायचं काम तिचं. नजर कमी झाली होती आणि कमिटीत बोलणं चाललं होतं की आता हे काम तरुण बाईला द्यावं. तिच्याजवळ मान म्हणून तेवढंच एक होतं. घासताना पेला हातातून सुटला. तिनं राखणदाराचे पाय धरले. तो म्हणाला, घाबरू नको, जोडून आणू, कुणाला सांगत नाय. आणि नाही सांगितलं. खोटंही बोलला नाही आणि खरंही सांगितलं नाही. तीस वर्षांत असा आरोपी मला मिळाला नव्हता.

डायरीत मी लिहिलं, वस्तू दुरुस्तीस दिलेली मिळून आली, तक्रार नाही. सेक्रेटरींनी अर्ज मागं घेतला. राखणदाराला म्हणालो, "जा घरी." तो गेला. जाताना एक हात कानावर होता.

मी घरी पोचायच्या आत ती म्हातारी माझ्या बायकोजवळ रडून गेली होती. बायको ओट्यापाशी उभी. भाकरी थापता थापताच बोलली.

"आवं, दादाला मारलं तुमी?"

"तपासाचा भाग असतो."

"तपास झाला ना?"

"झाला."

"मग माफी मागून या."

मी हसलो. "पोलीस माफी मागायला लागला तर उद्या ठाण्याला कोण भिईल?"

तिनं भाकरी उलटली. सोमवारी दादाला रिक्षात घालून सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. लाईनीत बसली, केसपेपर काढला. डॉक्टरनं विचारलं, कशानं झालं? तर ही सरळ म्हणाली, "माझ्या नवऱ्यानं मारलंय. पोलीस आहे." माझी नोकरी गेली असती! डॉक्टरनं दादाकडं बघितलं. दादा म्हणाला, "कसं झालं ते जाऊ द्या, अवशिद द्या." औषध झालं, पण पडदा फाटला होता. डाव्या कानानं त्याला पुन्हा ऐकू आलं नाही.

हे मला तिनंच येऊन सांगितलं, जेवताना, मीठ वाढावं तसं.

आणि त्या महिन्यापासून ती प्रभुभोजन घेईना. ज्याचं आपण वाईट केलं त्याच्याशी मिटवल्याशिवाय त्या पेल्याला तोंड लावू नये, असं आमच्यात मानतात.

आमच्याकडं पुरुष एका बाजूला बसतात, बायका दुसऱ्या बाजूला. ती बायकांच्या बाजूला तिसऱ्या बाकावर. पाळकसाहेबांनी, म्हणजे आमच्या धर्मगुरूंनी, बोलावलं की सगळे उठून पुढं जायचे, आणि ती एकटी बसून राहायची. मी जायचो. ताठ मानेनं जायचो, घ्यायचो आणि परत यायचो. येताना ती दिसायची. रागानं बघायची नाही. स्टँडवर गाडीची वाट बघत बसावं तशी बसलेली.

घरी येऊन मी ओरडायचो. "लोकं काय म्हणतील? मी मारलं, तू का उपाशी?"

"आपुन दोघं एक आहोत ना? पाळकसाहेबांनी लग्नात सांगितलं तवा तुमचं ध्यान नव्हतं वाटतं. तुमचं राहिलंय तवर माझं बी राहू द्या."

बाकी तिनं माझ्याशी कधी अबोला धरला नाही. डबा वेळेवर, बूट पुसलेले. फक्त महिन्यातून एकदा, शनिवारी, माझ्या पांढऱ्या शर्टला इस्त्री करताना म्हणायची, "उद्या पहिला रविवार हाय." तेवढंच. मी पेपरात तोंड घालायचो.

कमिटीनं म्हातारीचं काम काढायचं ठरवलं तेव्हा माझी बायको उभी राहिली. म्हणाली, "त्यांच्या हाताला माझा हात लावते, मग तर चालंल?" तेव्हापासून दर शनिवारी दोघी मिळून पेला घासायच्या. म्हातारी घासायची, ही खालून धरायची. म्हातारी गेली तसं ते काम हिच्याकडं आलं. म्हणजे बघा. ज्या पेल्याला ती तोंड लावत नव्हती, तो घासूनपुसून लोकांसाठी तीच ठेवत होती. दादा बाजूला कापड घेऊन उभा. मी फाटकाबाहेर गाडीवर बसून वाट बघायचो. आत त्यांचं हसणं ऐकू यायचं. ती त्याच्या उजव्या बाजूनं बोलायची.

अकरा वर्षं असं चाललं. मधे मी रिटायर झालो. वर्दी गेली म्हणजे निमित्तही गेलं. तरी पाय निघाला नाही. आज जाऊ, उद्या जाऊ. जितका उशीर तितकं अवघड. गुन्हेगारालाही तसंच होतं. पहिल्या दिवशी कबूल करणं सोपं असतं.

मग तिला आजार लागला. तो काय होता ते लिहीत नाही. खाट धरली. शेवटी पाळकसाहेब घरी प्रभुभोजन घेऊन आले. पेल्याची पेटी घेऊन बरोबर दादा. तो दाराशीच उभा राहिला, मान जरा कलती करून. एका कानाचं माणूस तसं उभं राहतं.

तिनं माझ्याकडं बघितलं. मला कळलं. खोलीत चारच माणसं होतो. एक वाक्य बोलायचं होतं. माझ्या जिभेला काय झालं होतं देव जाणे. मी उशी सरळ करायला लागलो.

ती हळूच म्हणाली, "राहू द्या. आता तुमची वाट बघायला टाइम नाय मला."

आणि तिनं घेतलं. पेला धरायला हातात ताकद नव्हती. दादानं पुढं येऊन खालून धरला, जसा ती म्हातारीसाठी धरायची. माझा हात उशीवरच.

चार दिवसांनी ती गेली. कबर दादानंच खणली, सत्तरीतल्या माणसानं. कमिटी म्हणाली, मजूर लावतो. तो म्हणाला, "ही कुणाला देणार नाय." माती लोटून झाल्यावर सगळे गेले तरी तो कडा थापत बसला होता.

पुढचा पहिला रविवार जवळ आला, आदला शनिवार उजाडला. शर्टला मीच इस्त्री केली. कॉलरला चट्टा पाडला. घरात कुणी बोललं नाही की उद्या पहिला रविवार आहे. मी वाट बघत राहिलो. खरंच राहिलो, इस्त्री हातात धरून. अकरा वर्षं ज्या वाक्यानं डोकं उठायचं, ते एकदा ऐकू यावं म्हणून माझा जीव तुटत होता.

रविवारी उपासनेच्या तासभर आधी चर्चमधे गेलो. दादा मेजावर पांढरं कापड अंथरत होता. मी शेजारी जाऊन उभा राहिलो. पाठ केलेलं बोललो. "माझं चुकलं. मी तुम्हाला मारलं. मला माफ करा."

तो कापडाची चुणी सरळ करत राहिला. वर बघितलंसुद्धा नाही.

मला वाटलं, बरोबर आहे. अकरा वर्षांनी आलाय, घे आता. वळलो आणि चार पावलं आलो. तेव्हा डोक्यात आलं की मी त्याच्या डाव्या बाजूला उभा होतो.

माझ्याच हातानं बंद केलेल्या कानात मी माफी मागत होतो.

परत गेलो, मेजाला वळसा घालून उजवीकडं. एव्हाना लोक यायला लागले होते. बायका बाक धरत होत्या, सेक्रेटरी दारात. दादाचा तोही कान आता वयानं कमी झालेला. मला मोठ्यानं बोलावं लागलं. "दादा!" त्याला दादा मी पहिल्यांदा म्हणालो. "मी तुम्हाला मारलं! चुकलं माझं! माफ करा!"

चर्चभर आवाज घुमला.

दादानं कापड सोडलं. माझ्याकडं वळला. मग म्हणाला, "माफी तर कवाच तयार हाय, साहेब. घ्यायला तुमीच आला नाय." आणि पेटीकडं वळत, "लई वर्षं सांभाळली म्या. वझं व्हतं त्ये बी."

मला शहागंजातला तो म्हातारा आठवला, फळीवर बसून डाफरणारा.

मी रडत होतो. पण दादाला त्याचं काही नव्हतं. त्याला काम उरकायचं होतं. त्यानं पेटीतून पेला काढून माझ्या हातात दिला. "बाई गेल्यापासून ह्याला हात लागला नाय. धुवून आणा. पाणी मागच्या नळाला हाय."

मागून एक बाई म्हणाली, "अगं बया, फौजदार साहेब भांडी घासणार!" दोघी-तिघी हसल्या. माझी बायको असती तर तीच सगळ्यात मोठ्यानं हसली असती.

नळाखाली पेला धरला. दांड्यावर तो जोड अंगठ्याला लागला. तिचाही अंगठा दर शनिवारी इथंच लागत असेल, हे तेव्हा मनात आलं.

या केसनं मला काय शिकवलं? नोकरीत मी पुष्कळांना समज देऊन सोडलं. त्याला मी दया समजायचो. सोडून द्यायला काही लागत नाही, खुर्चीतून उठावंही लागत नाही. ती दुसऱ्याला रिक्षात घालून न्यायची, लाईनीत बसायची, आंधळ्या हाताखाली हात धरायची आणि नवऱ्यासाठी अकरा वर्षं बाकावर बसून राहायची. येशूनं सांगितलंय म्हणून करते, असंही कधी बोलली नाही. उठायची आणि करायची. मी चर्चला तिच्याइतकाच गेलो. मी ऐकून घरी यायचो.

तरुण अधिकारी हे वाचत असतील तर एवढंच सांगतो. हात उचललाच असेल तर त्याच दिवशी परत जा. दुसऱ्या दिवशी पायरी एक इंच उंच होते.

आता पेला धुवायचं काम माझ्याकडं आहे. शनिवारी जातो. दादा कापड घेऊन उभा असतो, मी त्याच्या उजव्या बाजूला. पहिल्या रविवारी पुढं जाऊन घेतो आणि परत येताना बायकांच्या तिसऱ्या बाकाकडं बघतो. तिथं आता दुसरी बाई बसते. तिची चूक नाही. पण मला वाटतं, तिनं जरा सरकून बसावं.

महिन्यातून एकदा, शनिवारी, पेला पुसून पेटीत ठेवताना दादाकडं वळतो. मीच मोठ्यानं म्हणतो, "उद्या पहिला रविवार हाय."

"व्हय," दादा म्हणतो. "ठावं हाय."